बांधाची कच्ची बाजू

सरकारी अहवालात माझे आभार मानलेत. अगदी शेवटच्या परिशिष्टात, जिथपर्यंत सहसा कुणी पोचत नाही, तिथे 'स्थानिक माहिती पुरवणाऱ्या निवृत्त शिक्षिका' असा उल्लेख आहे. नाव दिलेलं नाही. पण आमच्या गावातून शिकून शिक्षिका झालेली बाई मी एकटीच, त्यामुळे नाव न देऊन कुणाची काही सोय झाली नाही. तीस वर्षं मी मुलांना बजावत आले की पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचा. माझा दादा चौथीपर्यंत शिकलाय. त्याने तो अहवाल आपल्या मुलाकडून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेतला.

मी पनवेलजवळ रोडपालीला राहते, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीसमोरून उच्चदाबाच्या तारा जातात. हवा दमट असली की त्या गुणगुणतात, आणि सोसायटीतल्या बायका म्हणतात की त्यामुळेच आमचं डोकं दुखतं. माझं कधी दुखलं नाही. पनवेलच्या शाळेत मी भूगोल शिकवला, आणि वीज कुठून येते, कशी येते, हे फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की तारा दिसल्या की मला बरंच वाटायचं. कोळसा जाळून हवेचं काय होतं हे शिकवताना माझा आवाज चढायचा. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायला मीच सगळ्यांच्या मागे लागले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे लोक मला विकासाची विरोधक म्हणाले आणि नंतर गावाची वैरीण म्हणाले. मी दोन्ही नव्हते.

माहेर खाडीकाठचं, पनवेलहून रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासावर. गावाच्या एका अंगाला तिवरं आणि खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती, तळी आणि घरं. मध्ये मातीचा बांध. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, त्याला बांधावर उभं करून दाखवावं लागतं. बांध फुटला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरतं. मग दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत भाताचं नाव काढायचं नाही. तळ्यातले मासे जातात, विहिरी मचूळ होतात. गावाचं जे काही आहे ते त्या बांधामागे आहे.

खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर, असा नियम. घरचा पुरुष आजारी असेल तर बाईने जायचं, बाई बाळंतीण असेल तर सासूने. सबब चालत नाही. मी आठवीत असताना दादाला कावीळ झाली होती आणि बापूस मुंबईला गेला होता, म्हणून मी गेले. माणसांची रांग लागते, खाडीच्या बाजूचा चिखल खणून त्याचे गोळे हातोहात पुढे जातात, शेवटचा माणूस पेंढ्यात घालून ते खांडीत दाबतो. दोन दिवस माझ्या बोटांना नखं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. पण त्या दिवशी मी गावात मोजली गेले, आणि त्याचा मला शाळेत पहिला नंबर आल्यापेक्षा जास्त अभिमान होता.

आणखी एक रीत होती. प्रत्येक बांधाला एक कच्ची बाजू असते. खालची माती दगा देते, आणि कितीही डागडुजी केली तरी खांड जायची ती तिथेच. ती जागा गावातल्या ज्यांनी चिखल वाहिलाय त्यांना माहीत असते, आणि बाहेरच्याला ती दाखवायची नसते. तिच्याकडे बोट करायचं नाही. बोलायची वेळ आली तर फक्त हनुवटी उचलायची. पूर्वी मोठ्या उधाणाला पलीकडच्या गावचे लोक येऊन आमचा बांध कापून जायचे म्हणे, म्हणजे पाणी आमच्यात शिरावं आणि त्यांचा बांध वाचावा. आमच्या लोकांनीही त्यांचा कापला असणार, पण ते कुणी सांगत नाही. ती वैरं कधीच संपली, सोयरिकी झाल्या, तरी हनुवटीची रीत राहिली. मला ते गमतीचं वाटायचं. उपग्रह घरांची छपरं मोजतात त्या काळात यांची हनुवटी!

तर सरकारने ठरवलं की घाटावरच्या कोरड्या जिल्ह्यांत तयार होणारी उन्हाची वीज मुंबईला आणायची. जुन्या तारा पुरत नाहीत, नवीन वाहिनी हवी. दोन मार्ग होते. एक महामार्गाच्या कडेकडेने, लांबचा, वळणावळणाचा, आणि त्या वाटेवर नव्या इमारतींचे भूखंड. दुसरा सरळ खाडीतून, आमच्या गावावरून. वर्तमानपत्रांत रकाने भरले, टीव्हीवर चौकटी करून माणसं एकमेकांवर ओरडली. गंमत अशी की दोन्हीकडचे पर्यावरणाच्याच नावाने भांडत होते. एक म्हणायचा, स्वच्छ वीज अडवता म्हणजे कोळशाला मदत करता. दुसरा म्हणायचा, तिवरं तोडून कसली स्वच्छ वीज? मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा, कारण त्या भांडणात बांध हा शब्द एकदाही आला नाही. तिवरांसाठी कोर्ट होतं, पक्ष्यांसाठी संस्था होत्या. मातीच्या बांधाला कुणी नव्हतं.

मग नव्या धोरणाचा मसुदा निघाला. त्यात लिहिलं होतं की मार्ग ठरवताना कमीत कमी झाडं तोडली जावीत आणि स्थानिकांचा सहभाग घ्यावा. मी तो मसुदा दोनदा वाचला, पेन्सिलने खुणा केल्या आणि मनातल्या मनात सरकारला चांगले गुण दिले.

त्याच आठवड्यात फोन आला. "बाई, ओळखलंत का?" मी आवाजावरून ओळखलं नाही, पण तिने वर्ग सांगितला आणि मला तिची वही आठवली. नकाशा भरताना हिचा रंग रेषेबाहेर कधी गेला नाही. इतर पोरी अरबी समुद्र पेन्सिलने खरवडून काढायच्या, आणि ही एकेक लाट काढत बसायची. तिचे वडील गिरणीत दळण दळायचे, आणि दहावीनंतर तिला घरी बसवणार होते तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन दोन तास बसले होते. ती आता या वाहिनीचा अभ्यास करणाऱ्या सल्लागार कंपनीत होती. मला इतका आनंद झाला की मी तिला त्याच रविवारी जेवायला बोलावलं.

ती आली, पाया पडली, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं, आणखी मागून घेतलं. मग लॅपटॉप काढला. मी तिला बांधाचं सगळं सांगितलं, जवळजवळ तासभर. ती ऐकत होती, पण टाइप काहीच करत नव्हती.

"बाई, हे सगळं खरंय," ती म्हणाली. "पण मी हे लिहू कुठे? आमच्या फॉर्ममध्ये भावनेला रकानाच नाही. गावाचं नुकसान होईल असं म्हणून भागत नाही. नेमकं कुठे होईल, तो बिंदू हवा. नकाशावर दाखवा, मग तो संवेदनशील ठिकाण म्हणून नोंदवता येतो. नोंदवलं की तिथे कुणी हात लावू शकत नाही."

शेवटचं वाक्य तिने हेच म्हटलं होतं. मी ते नंतर इतक्या वेळा आठवलंय की त्यात माझं काही मिसळलं असेल अशी शंका मला येते, पण नाही. तिने हेच म्हटलं होतं.

मी लगेच दाखवलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहिते. गावी गेले आणि दादाला विचारलं. तो तळ्यावर जाळं सुकवत होता.

"कागदावर नको," तो म्हणाला.

"अरे, कागदावर आलं तरच वाचेल. सरकारचं धोरणच तसं आहे आता. मी वाचलंय."

"तू वाचलास ना? मंग बरा हाय. पन कागदावर नको. तोंडानी काय सांगाचा ता सांग."

"तोंडाचं कोण ऐकतं, दादा?"

"आमी आयकतो," तो म्हणाला आणि जाळ्याची गाठ सोडवत बसला. मला हसू आलं. माझा दादा अडाणी नाही, खाडीचं पाणी कधी किती चढेल ते तो पंचांग न बघता सांगतो. पण त्या दिवशी मला वाटलं की हा जुन्या भीतीला धरून बसलाय आणि मी शिकलेली असून त्याच्या भीतीपुढे गप्प बसले तर माझं शिक्षण काय कामाचं. घरी परतताना रिक्षात माझं ठरलं होतं.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मी लाल पेनाने ती जागा काढली. फुली केली, भोवती गोल केला, आणि बाजूला माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बांध येथे वारंवार फुटतो. या ठिकाणी कोणतेही काम करू नये.' मग दुसऱ्या बाजूला महामार्गाच्या कडेचा मार्ग हिरव्या पेनाने काढला आणि तो का बरा ते पाच मुद्द्यांत लिहिलं. उत्तरपत्रिका असती तर मी मला पैकीच्या पैकी दिले असते.

तो नकाशा मी त्या विद्यार्थिनीला दिला, आणि तिने मला मंत्रालयातल्या बैठकीलाही नेलं. लांब टेबल, थंडगार खोली, प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली. वीज खात्याचे, वन खात्याचे, कंपनीचे लोक होते. टेबलाच्या टोकाला बसलेले अधिकारी माझ्याहून थोडे लहान, बोलायला मऊ. त्यांनी मला बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या आणि "असं का?" म्हणाले. शेवटी म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी माणसं पुढे आली तर आमचं काम सोपं होतं. नकाशा रेकॉर्डवर घेतलाय." निघताना त्यांनी उठून नमस्कार केला. मी खरं सांगते, लिफ्टमध्ये माझे डोळे भरून आले होते.

गावात देवळासमोरच्या मंडपात बैठक घेऊन मी सांगितलं की आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलंय. बायकांनी ओटी भरली. नकाशाचं मी बोलले नाही. दादा मागे खांबाला टेकून उभा होता, त्याने मला काही विचारलं नाही. मीही त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग कित्येक महिने काहीच झालं नाही. मी दोनदा त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, "प्रक्रियेत आहे बाई." मला वाटलं, कामात असेल.

अधिवेशन चालू होतं. पनवेलच्या बाजारात मी मेथीची जुडी निवडत होते तेव्हा फोन वाजायला लागला, एक, मग दुसरा, मग थांबेचना. दादाच्या मुलाने एक व्हिडिओ पाठवला होता. विरोधी बाकावरून कुणीतरी खाडीच्या मार्गावर प्रश्न विचारला होता आणि मंत्री उत्तर देत होते. उत्तर लांबलचक होतं. त्यात म्हणाले की कमीत कमी तिवरं जातील असाच मार्ग निवडला आहे, मनोऱ्यांच्या बांधकामाचा रस्ता कुठून न्यायचा ते ठिकाणसुद्धा स्थानिक जाणकारांनीच नकाशावर दाखवलं आहे, आणि लोकसहभागाचं हे आदर्श उदाहरण आहे. बाकं वाजली. मेथीवाली विचारत होती, घेताय की नाही. मी जुडी तिच्या हातात परत दिली.

अहवाल मिळवायला फार कष्ट पडले नाहीत. तो वेबसाइटवरच होता, कुणालाही वाचता येईल असा. उरण नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी छापून घेतला आणि तिथल्याच स्टुलावर बसून पाहिला. माझा नकाशा होता. नीट पुन्हा काढलेला, रंग रेषेच्या आत. माझ्या लाल फुलीच्या जागी हिरवा त्रिकोण होता आणि खाली लिहिलं होतं की तिवरांची घनता येथे सर्वांत विरळ असल्याने प्रवेशरस्त्यासाठी ही जागा अनुकूल. 'कोणतेही काम करू नये' हे वाक्य कुठे नव्हतं. महामार्गाचा मार्ग एका ओळीत होता, 'व्यवहार्य नाही'.

तिवरं तिथे विरळ का, ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. पिढ्यान् पिढ्या आम्ही तिथलाच चिखल खणून तिथली खांड भरत आलो. जिथे दर दोन-चार वर्षांनी कुदळ चालते तिथे तिवर रुजणार कसं? आमच्याच हातांनी आम्ही ती जागा त्यांच्या हिशेबात मोकळी करून ठेवली होती. कमीत कमी झाडं, हे धोरण. ते त्यांनी शब्दाला शब्द पाळलं. मी स्वतः त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती.

मी तिला फोन केला. तिसऱ्यांदा तिने उचलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, मी एकही गोष्ट खोटी लिहिलेली नाही. तिवरं विरळ आहेत, हे खरंय ना?"

"मी लिहिलेलं वाक्य कुठे गेलं?"

"ते मी पहिल्या मसुद्यात ठेवलं होतं. वरून कापलं. मी भांडले असते तर मला या कामावरून काढलं असतं, आणि दुसऱ्या कुणीतरी तेच केलं असतं. आणि बाई, तिथे रस्ता होणार म्हणजे दगड पडणार, बांध पक्काच होईल तुमचा. सोलरची वीज आलीच पाहिजे, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?" मग ती म्हणाली, "आभारात तुमचं नाव मी मुद्दाम टाकू दिलं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून."

तिला खरंच वाटत होतं की तिने माझी काळजी घेतली. ती लबाड असती तर मी तिला मनातून टाकून मोकळी झाले असते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं, आणि कापणाऱ्या हाताला मीच पेन्सिल धरायला शिकवली होती. मी फोन ठेवला, पुन्हा केला नाही. दिवाळीत तिचा शुभेच्छांचा मेसेज आला, समईच्या चित्राचा. तो मी अजून पुसलेला नाही आणि त्याला उत्तरही दिलेलं नाही.

हरकती आम्ही घेतल्या. अर्ज दिले, पोच घेतल्या, मोर्चा काढला. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळालं: जागा तुमच्याच माणसाने दाखवलीय. मी पुढे होऊन म्हणायची, ते माणूस मीच, मी उलट लिहिलं होतं. माझ्याकडे त्या नकाशाची प्रत नव्हती. मूळ कागद मी विश्वासाने तिच्या हातात दिला होता. आयुष्यभर मुलांना 'उत्तराची प्रत ठेवा' सांगणारी बाई मी.

बांध कापून मुरूम पडला, खालून पाइप घातले, वरून डंपर जाऊ लागले. दादा रोज संध्याकाळी जाऊन बघून यायचा. कंत्राटदाराच्या माणसांना त्याने सांगितलं की खालची माती धरणार नाही. ते म्हणाले, काका, इंजिनिअरने बघितलंय.

भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या भरतीला, भर दुपारी, पाइपाशेजारची माती सरकली आणि रस्त्याच्या दगडांसकट खांड गेली. इतकी मोठी की म्हाताऱ्या माणसांनीही कधी पाहिली नव्हती. दादाच्या मुलाचा फोन आला नाही. मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी रिक्षा केली आणि गेले. भात पोटरीला आलं होतं, आणि त्यातून खारं पाणी सावकाश, आवाज न करता पसरत होतं. कोळंबीची तळी आणि शेतं एक झाली होती. रांग लागलेली होती. मी चप्पल काढून साडी खोचली आणि एका जागी शिरले. माझ्या मागच्या बाईने माझ्या हातात गोळा दिला. पुढच्या बाईने तो घेतला. माझ्याशी लहानपणी सागरगोटे खेळलेली बाई होती ती. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी जा म्हटलं नाही. माझ्याशी बोललंही नाही कुणी. मी संध्याकाळपर्यंत चिखल दिला. पाणी काही थांबलं नाही. तिथे आता तळाला दगड होते, आणि दगडाला चिखल धरत नाही.

कंपनीने नैसर्गिक आपत्ती म्हटलं. पुढच्या अधिवेशनात त्यावर चर्चा झाली, समिती नेमली गेली. त्याच चर्चेत लोकसहभागाचं आदर्श उदाहरण म्हणून आमचं गाव पुन्हा एकदा वाचून दाखवण्यात आलं. मनोरे उभे राहिले. वीज आली असेल मुंबईला. माझ्या बाल्कनीतून नवीन तारा दिसत नाहीत, त्या लांब आहेत.

मग एका सकाळी दादा आला. पनवेलला आला की तो माझ्याकडे चहाला यायचा तो दारातूनच ओरडत. त्या दिवशी त्याने बेल वाजवली. सोफ्याच्या कडेवर बसला. चहा घेतला. माझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला.

"वकिलाकडशी लिवून आनलाय," तो म्हणाला. "हक्कसोड."

बापूस गेल्यावर आमच्या आजूबाजूच्या सगळ्या घरांतून बहिणींच्या सह्या घेऊन त्यांची नावं सातबाऱ्यावरून काढली होती. दादाने माझं काढलं नव्हतं. तलाठ्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, तिनी पन चिखल वायलाय, तिजा पन हाय. मी शाळेत कितीतरी जणींना अभिमानाने सांगितलं होतं की माझा भाऊ असा आहे.

"दादा, मला जमिनीचं काही नको. कधीच नको होतं. पण आत्ता का?"

"तुजा नाव हाय म्हनून त्यांनी तुला इचारला. उद्या दुसरा कायतरी येल. गॅसची लाइन येल, रस्ता येल. परत तुलाच इचारतील."

"मी नाही सांगणार आता. तुझी शपथ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी भांडले असते. "सांगशील, बाय," तो म्हणाला. "तुला कोनी नीट इचारला का तू सांगतस. तुजा सभाव हाय तो."

आम्ही एकाच रिक्षातून निबंधकाच्या ऑफिसात गेलो. नंबर यायला तासभर लागला. बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो आणि तो मला कुणाच्या म्हशीला रेडकू झालं ते सांगत होता. आत गेल्यावर अंगठे झाले, फोटो झाला. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने मान वर न करता ठरलेला प्रश्न विचारला, "राजीखुशीने देताय ना? कुणाचा दबाव नाही ना?" दादा खाली जमिनीकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या खुशीने."

बाहेर ऊन होतं. दादाने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि मोठा श्वास सोडला. "आता तुला कोन काय इचारनार नाय," तो म्हणाला. "सुटलीस." मला टोचायला तो हे बोलला नव्हता. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, असंच त्याला वाटत होतं, आणि आठवून आठवून मला ते सगळ्यांत जास्त लागतं.

त्याने हात करून रिक्षा थांबवली, मला बसवलं आणि रिक्षावाल्याला रोडपालीचा पत्ता नीट समजावून सांगितला. रिक्षा वळेपर्यंत तो उभा होता. गावी कधी येतेस, हे त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं नाही.